उल्केचा शेवट आम्हांला मान्य नव्हता

मार्च सरत आला की आमच्या प्रताप नगरात दोन आवाज एकदमच सुरू होतात. घरोघरी कूलरला नवा वाळा लागतो आणि त्यातून पाणी ठिबकू लागतं, तो एक. आणि परीक्षा जवळ आली म्हणून आईबाप मुलांवर ओरडू लागतात, तो दुसरा. यंदा आमच्या घरी तिसरा आवाज होता. माझी नात मुक्ता कानांवर ते मोठं यंत्र चढवून कॉम्प्युटरसमोर बसली होती आणि कुणाशी तरी कडाडून भांडत होती.

"अरे, ती राणी तेव्हा जिवंत असूच शकत नाही! राखेचा शाप पडला तेव्हा ती उत्तरेच्या बुरुजात होती. आधी नीट वाच, मग बोल!"

पलीकडे पुण्याचा एक मुलगा होता, कोचीची एक मुलगी होती, आणखी कोण कोण होतं. माझा मुलगा दारातून ओरडला, "मुक्ता, पेपर तोंडावर आलाय आणि तुला त्या राणीचं पडलंय?"

तो गेल्यावर मी तिला विचारलं, "हे काय आहे गं?"

"गेम आहे आजी. म्हणजे नुसता गेम नाही. त्यातल्या राज्याला पूर्ण इतिहास आहे. आता कंपनीनं तो इतिहासच बदलून टाकला. सगळं आधीचं खोटं म्हणे. आम्ही नाही मानत."

"मग मानू नका," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघतच राहिली. घरातल्या एकाही मोठ्या माणसाकडून तिला हे अपेक्षित नव्हतं. पण मी ते सहज बोलले नव्हते. असाच वाळ्याचा वास होता, अशीच दाराशी परीक्षा होती आणि आम्ही एका गोष्टीचा शेवट मानायचा नाही असं ठरवलं होतं, त्याला आता पन्नास वर्षं होत आली.

तेव्हा आम्ही धरमपेठेत राहायचो. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. घरापासून जवळच एक वाचनालय होतं. समोर फरशीचा व्हरांडा, व्हरांड्यात लाकडी बाकं, आणि बाकांवर कडुलिंबाची सावली. चैत्राच्या सुमाराला त्या झाडाचा बारीक पांढरा मोहोर मासिकांच्या उघड्या पानांवर पडायचा आणि आम्ही तो फुंकून टाकून वाचायचो. रविवारी सकाळी तिथं आमचा अड्डा जमायचा. अड्ड्याचं कारण एकच, 'शिलावन'.

'शिलावन' ही पुण्याच्या एका मासिकात क्रमशः येणारी कथा होती. मासिक आता नाही, आणि लेखकाचं नाव मी इथे लिहीत नाही. दगडाच्या झाडांचं एक अरण्य होतं आणि त्याच्या कडेनं विसर नावाची नदी वाहायची. ती नदी जो ओलांडेल तो स्वतःचं नाव विसरायचा आणि दगडाचं झाड होऊन उभा राहायचा. दुसऱ्या कुणी त्याला नावानं हाक मारली तरच तो परत माणूस व्हायचा. अशा त्या शिलावनाच्या अलीकडच्या राज्यात उल्का नावाची एक तलवारबाज मुलगी होती. तिचे आईवडील पलीकडे दगड होऊन उभे होते. त्यांना आणायला ती निघाली होती. तिच्या वाटेत तमोनाथ नावाचा एक मांत्रिक होता. तो तिचा मित्र की शत्रू, हे दोन वर्षं आम्हांला कळत नव्हतं.

आज हे सांगताना कुणी हसेल. तेव्हाही हसायचे. बाकावर वर्तमानपत्र धरून बसलेली माणसं आमच्याकडे चष्म्यावरून बघायची. पण आम्ही त्या राज्याच्या कायद्यांवर ज्या गंभीरपणे वाद घालायचो, तसा वाद मी पुढे फार थोड्या ठिकाणी ऐकला. घोड्यावर बसून नदी ओलांडली तर घोडाही नाव विसरतो का? मुक्या माणसानं हाक कशी मारायची? एकाच नावाची दोन माणसं पलीकडे असली तर? प्रत्येक प्रश्नाला जुन्या अंकातला पुरावा द्यावा लागायचा. पुरावा नसेल तर गप्प बसावं लागायचं.

आमच्यात सर्वांत वयस्क होते तात्या. रेल्वेत गार्ड म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा शर्ट, आवाज असा की फलाटाच्या त्या टोकाला पोहोचावा. तात्यांचा लेखकावर पूर्ण विश्वास होता. "लिहिणाऱ्यानं सगळा विचार केलेला असतो भाई. आपण फक्त धीर धरायचा," असं ते म्हणायचे.

आणि त्यांच्या समोरच्या बाकावर, त्यांच्या बरोबर विरुद्ध बाजूला, वत्सला.

वत्सला मौद्याकडची. घरी धानाची शेती, थोडी मिरची. कॉलेजसाठी ती तिच्या मामांकडे राहायची. प्रताप नगर तेव्हा नुसतं आखलेलं लेआउट होतं, मोकळे प्लॉट आणि मधेमधे एखादं घर, त्यातलं एक तिच्या मामांचं. तिथून ती सायकलनं यायची. तिच्या पेटीत घरून आलेली मिरचीची पुडी असायची, त्यामुळे तिच्या प्रत्येक पुस्तकाला मिरचीचा खकाणा. तिनं वही उघडली की शेजारचा शिंकलाच पाहिजे. कॉलेजातल्या मुली तिच्या 'मले-तुले'ला हसायच्या. एकदा मीच तिला म्हणाले होते, "वर्गात तरी 'मला' म्हण ना." ती म्हणाली, "काहून? माझं बोलणं तुले समजत नाही का?" समजत होतं. मग तो विषय तिथंच संपला.

ती वाद घालायला लागली की ऐकत राहावं. आवाज चढवायची नाही. एकेक अंक काढायची, पान उघडायची, बोट ठेवायची. "हे पाहा तात्या. इथं काय लिहिलं? वाचा ना गा मोठ्यानं." तात्या वाचायचे, मिशा चावायचे आणि म्हणायचे, "पुढच्या अंकात उलगडा होईल." पुढच्या अंकात झाला नाही तर त्याच्या पुढच्या.

त्या वर्षी मार्चमध्ये शेवटचा अंक आला. मी तो व्हरांड्यात मोठ्यानं वाचला. उल्का नदी ओलांडते. नाव विसरते. तिचे पाय दगडाचे व्हायला लागतात. मग तमोनाथ काठावर येतो आणि तिला हाक मारतो. ती परत येते, पण तिला फक्त नाव आठवतं, बाकी काही नाही. तलवार कशासाठी हेही नाही. तमोनाथ तिच्याशी लग्न करतो, तलवार नदीत टाकून देतो, आणि ती राणी होऊन सुखानं राहते. आईवडील पलीकडे तसेच उभे.

मी अंक मिटला.

वत्सला म्हणाली, "हे खोटं आहे."

"अगं, गोष्टच आहे ती," कुणीतरी म्हणालं.

"गोष्ट आहे म्हूनच खोटं आहे. विहिरीचं काय झालं?"

विहिरीचं प्रकरण आम्हां सगळ्यांना पाठ होतं. उल्का लहान असताना विसर नदीचं पाणी झिरपलेल्या एका विहिरीत पडते आणि नाव विसरायला लागते. वर कुणी नसतं. तेव्हा ती नाव पूर्ण विसरण्याआधी स्वतःच मोठ्यानं ओरडते, "उल्का!" आणि विहीर तिचं नाव तिला परत देते. त्यावर ती जगते.

"म्हंजे तिले दुसऱ्याची गरजच नाही," वत्सला म्हणाली. "ते ती लहानपणीच शिकली. मंग नदीत ती तमोनाथाची वाट पाहत काहून उभी राहिली? समोर दगडाचं अख्खं रान आहे. आवाज परत येणार नाही का तिथं?"

तात्यांनी बराच विचार केला. "असेल काही कारण. लेखकानं लिहिलं ना, मग तेच खरं. आपण कोण?"

"आपण वाचणारे," वत्सला म्हणाली.

बरं, हे सगळं व्हरांड्यातच राहिलं असतं. पण त्याच महिन्यात वाचनालयाचा वार्षिक समारंभ होता आणि पाहुणे म्हणून आले तेच लेखक. संध्याकाळची वेळ, अंगणात पाणी शिंपडलेलं, पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे. लेखक गोरेपान, बंद गळ्याचा कोट घातलेले. साहित्य आणि संस्कार यांवर ते चांगलं तासभर बोलले. शेवटी अध्यक्षांनी उपचार म्हणून विचारलं, "कुणाला काही प्रश्न?"

माझ्या शेजारून वत्सला उठली. मी तिचा पदर धरायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"मले उल्केबद्दल विचारायचं आहे."

'मले' ऐकून मागे हशा झाला. लेखकही हसले. "कुठल्या तुम्ही, ताई?"

"मौद्याची."

"वा! आमचं मासिक मौद्यालाही जातं तर."

"नाही जात. म्हूनच मी इथं आली."

पुन्हा हशा झाला, पण या वेळी थोडा वेगळा. मग तिनं विहिरीचा प्रश्न विचारला, जसा व्हरांड्यात विचारला होता तसाच. लेखकांच्या कपाळावर आठी पडली. ते म्हणाले, "तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. असं विहिरीचं प्रकरण मी लिहिलेलं मला आठवत नाही. आणि आता परीक्षेचे दिवस आहेत ना? अभ्यासाकडे लक्ष द्या."

सभा खळखळून हसली. बसायची वेळ होती ती. वत्सला बसली नाही. नुसती उभी राहिली, हात बाजूला सोडून. मी तिच्याकडे बघत होते. तिची मान लाल झाली होती, पण नजर खाली गेली नव्हती.

तेव्हा डावीकडच्या रांगेतून तो फलाटावरचा आवाज आला.

"विहीर आहे, साहेब!"

तात्या उभे होते. "मी या मुलीच्या विरुद्ध बाजूचा माणूस आहे. दोन वर्षं हिच्याशी भांडतोय. पण विहीर आहे. तुम्हीच लिहिली आहे. तिच्या प्रश्नाला उत्तर द्या."

आता कुणी हसलं नाही. लेखकांनी पाण्याचा पेला उचलला. "असेल, असेल. इतकी प्रकरणं झाली. पण हे पाहा, शेवटी कथा लेखकाची असते. तिचं काय करायचं हे त्यानं ठरवायचं."

"तुमचीच होती तं घरी ठेवायची," वत्सला म्हणाली. "आम्हाले काहून वाचाले दिली?"

अध्यक्षांनी घाईघाईनं आभार मानायला सुरुवात केली.

मुक्ताला मी परवा हे सांगितलं तेव्हा ती टाळ्या वाजवून हसली. तिच्या मते वत्सला जिंकली होती. पण मुक्ताच्या भांडणात कुणाला कुणाचा चेहरा दिसत नाही. त्या अंगणात सगळ्यांना वत्सलाचा चेहरा दिसला होता, आणि त्यात तिच्यासाठी चाललेल्या स्थळाकडचे एक काका बसले होते. दोन दिवसांत निरोप आला. भर सभेत पुरुषमाणसाला उलटं बोलणारी मुलगी आम्हांला नको.

मामांनी मौद्याला माणूस धाडला. मिरचीच्या तोडणीतून वत्सलाचे वडील उठून आले. मी त्या दिवशी नोट्स द्यायला तिच्याकडे गेले होते आणि दारातच अडकले. दादा, म्हणजे तिचे वडील, ओसरीवर उभे होते. उंच, काळेसावळे, तोडणीतून तसेच आल्यामुळे धोतरावर लाल धूळ.

"पेटी भर," ते म्हणाले.

"पेपर आहे दादा."

"पेपर देऊन काय करतं? लोकायले मी काय तोंड दाखवू? त्यायनं विचारलं तं काय सांगू?"

"सांगा, पोट्टी सभेत बोलली. खोटं थोडीच आहे?"

मामा मधे पडले. "दादा, इचं फालतू ऐकू नका. पुस्तकं वाचून वाचून डोकं फिरलं इचं. आजच्या गाडीनं घेऊन जा."

वत्सला आत गेली. पेटी ओढत ओसरीवर घेऊन आली, खडखडाट करत. मला वाटलं, संपलं. तिनं पेटी मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसली. मांडी घालून, पदर खोचून.

"न्या," ती म्हणाली. "पेटी न्यायची असन तं मलेही उचलून न्या. मी माझ्या पायानं येत नाही."

बाहेर मोकळ्या प्लॉटवर ऊन रणरणत होतं. पेटीतल्या मिरचीनं मामांना एक शिंक आली. दादा ओसरीच्या कडेला बसले. त्यांनी पाणी मागितलं, तेही वत्सलाकडे नाही, माझ्याकडे. मी तांब्या आणून दिला. पाणी पिऊन त्यांनी मला विचारलं, "तूही होती का वं सभेत?"

"होते काका."

"हे पोट्टी म्हणते ते खरं होतं का?"

"खरं होतं. विहीर होती."

"मंग तो माणूस नाही काहून म्हणत होता?"

"विसरला होता."

"आपलंच लिहिलेलं?" दादांनी डोकं हलवलं. त्यांना ते पटेना. आपण कोणत्या बांधाला काय पेरलं हे विसरणारा माणूस त्यांनी पाहिला नसावा. जरा वेळानं ते मामांकडे न बघता म्हणाले, "पेपर होऊ दे. मंग पाहू. पण त्या वाचनालयात पाय ठेवायचा नाही."

ही काही फार मोठी सूट नव्हती. जाताना त्यांनी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. मामा तर पुढचे कित्येक दिवस तिच्याशी बोलले नाहीत. जेवायला वाढलेलं ताट तेवढं तिच्यासमोर येई. तशा घरात बसून तिनं अभ्यास केला, आणि तशाच उन्हातून सायकल मारत जाऊन पेपर दिले. इंग्रजीत ती नापास झाली. मामा म्हणाले, झालं? ती म्हणाली, नाही झालं. ऑक्टोबरला पुन्हा बसली आणि पास झाली. पुढे बी.एड. केलं, मौद्याजवळच्या एका शाळेत लागली, तिथंच मुख्याध्यापिका झाली. लग्नही केलं, स्वतः पाहून, बऱ्याच उशिरा. शाळेत ती 'मले'च म्हणायची. तपासणीला आलेल्या एका साहेबानं त्यावर नाक मुरडलं तेव्हा तिनं त्याला विचारलं, समजलं नाही का साहेब, पुन्हा सांगू?

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले. दिवसभर लोकांचे आवाज एकमेकांना जोडून द्यायचे. काम चांगलं होतं. पण त्या व्हरांड्यासारखं जीव तोडून बोलणं त्या तारांमधून फारसं कधी गेलं नाही. लोक मरण कळवायचे, भाव विचारायचे, पोहोचलो म्हणायचे. मला कधी कधी वाटायचं, कुणीतरी कुणालातरी घोड्याचं विचारावं. नदी ओलांडताना घोडाही नाव विसरतो का?

जे खरं नाही त्याच्यासाठी एवढं भांडायचं कशाला, हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला. आता मुक्ताला विचारतात. मी एवढंच बघितलं आहे की घरच्या, दारच्या, सभेतल्या नियमांबद्दल वत्सलाला कुणी मत विचारलं नव्हतं. शिलावनाचे नियम मात्र तिला दोन वर्षं, पानापानानं सांगितले गेले होते. तिनं ते मनापासून मानले होते. मग एका माणसानं ते सहज मोडले आणि वर तिला अभ्यास कर म्हणाला. ती चिडली नसती तरच नवल.

पुढच्या वर्षी 'शिलावन'चं पुस्तक निघालं. जाड पुठ्ठा, वर उल्केचं चित्र, हातात कमळ. आम्हांला वेडी आशा होती की शेवट बदलला असेल. बदलला नव्हता. उलट विहिरीचं प्रकरणच गाळलं होतं.

पुस्तक वाचनालयात आलं त्या दिवशी वत्सला मौद्याहून आली होती. वाचनालयात पाय ठेवायचा नाही हा दादांचा हुकूम तिनं पाळला. पायऱ्यांबद्दल दादा काही बोलले नव्हते, म्हणून ती पायऱ्यांवर बसली. मी आतून पुस्तक आणलं. तात्याही आले. तिनं पुस्तक चाळलं, विहीर शोधली, सापडली नाही, आणि म्हणाली, "तात्या, तुमचं अक्षर चांगलं आहे. लिहा."

"काय लिहू?"

"विहीर. आणि मंग नदी. मी सांगतो, तुम्ही लिहा."

तात्यांनी लिहिलं. प्रत्येक वाक्याला हरकत घेत, प्रत्येक वाक्यावर भांडत, पण तिनं सांगितलं तेच, त्यांच्या त्या सुंदर वळणदार अक्षरात. उल्का नदीत उभी राहते. काठावर तमोनाथ तोंड उघडतो, त्याच्या आधीच ती स्वतः ओरडते. दगडाचं रान तिचं नाव परत देतं, एकदा नाही, प्रत्येक झाडागणिक. मग ती आईला हाक मारते. शेवटी तात्यांनी एक ओळ आपल्या मनानं घातली, 'लेखनिक या मताशी सहमत नाही', आणि खाली सही केली. मी घरून खळ करून आणली आणि आम्ही ती पानं पुस्तकाच्या शेवटी चिकटवली.

ग्रंथपालांनी ती फाडली. आम्ही पुन्हा लिहून चिकटवली. त्यांनी पुन्हा फाडली. तात्यांनी तिसऱ्यांदा लिहायला घेतली तेव्हा म्हणाले, "मला पटत नाही, पण आता पाठ झालंय." त्यानंतर ग्रंथपालांनी नाद सोडला. पुस्तक लोकांच्या घरी जात राहिलं, येत राहिलं.

बऱ्याच महिन्यांनी, पुन्हा परीक्षेचेच दिवस होते, मी सहज ते पुस्तक उघडलं आणि तशीच बाहेर पळत आले. वत्सला पायऱ्यांवर शेंगा सोलत बसली होती.

"वत्सले, हे बघ."

आमच्या पानांच्या मागे आणखी पानं चिकटवलेली होती. निळी शाई, बारीक, अनोळखी अक्षर. कुणाचं ते आम्हांला कधीच कळलं नाही. त्या माणसानं लिहिलं होतं की आधीच्या पानांतला शेवट साफ चुकीचा आहे. दगडाच्या झाडांना कान नसतात, मग आईला हाक ऐकू कशी आली? पुराव्यासाठी जुन्या अंकांतली प्रकरणं दिली होती, आणि खाली तिसराच शेवट.

वत्सलानं ते उभ्यानं वाचलं. एकदा वाचलं, परत पान उलटून वाचलं. मला वाटलं, तिला वाईट वाटेल. तिनं शेंगांची टरफलं पदरातून झटकली. तिचा चेहरा असा फुलला होता की तसा मी तिच्या निकालाच्या दिवशीही पाहिला नव्हता.

"बह्याड आहे हा," ती म्हणाली. "कान नाही म्हणतो! सुधे, तात्यायले बोलाव. आणि कागद आण वं, जास्तीचे आण."